चार कोपरे

नोव्हेंबरात माझं वॉशिंग मशीन बसलं ते बसलंच.
तेव्हापासून दर मंगळवारी, नाइट ड्यूटी उतरली की,
स्मेदिकच्या हाय स्ट्रीटवरच्या लाँड्रीत जाते मी.
पन्नास पेन्स, पन्नास पेन्स, मग एक पौंड,
मग काचेच्या गोल खिडकीत आपलेच कपडे
उलटेपालटे होताना बघत बसायचं.

पिशवीत साबणाच्या डब्याखाली पत्रिका होत्या,
पाळकांनी मोजून दिलेल्या, वीस.
साक्ष द्या, म्हणाले होते.
साक्ष म्हटलं की मला अजून जालन्याचं कोर्ट आठवतं,
सामाईक भिंतीच्या दाव्यात उभे राहिलेले पप्पा,
आणि वकील खेकसलेला :
ऐकलेलं नको, पाहिलेलं सांगा.

मी काय पाहिलंय?

समोरच्या बाकावर एक म्हातारे सरदारजी.
त्यांच्या बास्केटमध्ये सगळं बाईमाणसाचं :
फुलाफुलांचे कमीज, लोकरी मोजे, एक विटका गुलाबी गाउन.
ड्रायरमधून एकेक काढायचे, गालाला लावायचे,
वाळलंय का बघतो, असं दाखवायचे.

मी काही विचारलं नाही.
त्यांनीच विचारलं नाव.
माझी हिंदी मोडकी, त्यांची पंजाबी भरधाव,
मध्ये इंग्रजीचा टेकू.
"सुवार्ता," म्हटलं.
"म्हणजे?"
"चांगली बातमी."
"मग सांग की," म्हणाले, "ऐकून फार दिवस झाले."

इतकं सताड दार कोणी उघडून दिलं नव्हतं मला,
आणि मी उंबऱ्यावरच अडखळले.
पत्रिकेतली ठळक वाक्यं जिभेवर आलीच नाहीत.
आलं ते एवढंच :
मरणाच्या आदल्या रात्री आमच्या प्रभूने
कमरेला पंचा बांधला, घंगाळात पाणी ओतलं,
आणि जेवायला बसलेल्या मित्रांचे पाय धुतले,
एकेकाचे, वाकून.
त्यातला एक तर त्याचा सौदा करून आलेला होता.

"त्याचेही धुतले?"
"त्याचेही."

ड्रायर थांबला. उठलं कोणीच नाही.

"पाणी गरम होतं का?"

आमच्या घरी शास्त्र रोज वाचलं जायचं,
जेवणाआधी, भूक दाबून.
हे कोणी कधी विचारलं नव्हतं.
"लिहिलेलं नाही," म्हटलं.
"गरमच असणार," अजायब सिंग म्हणाले.
"प्रीतम रविवारी गुरुद्वाऱ्यात
चपला-बुटांच्या खोलीत बसायची.
लोकांचे बूट पुसायची, स्वतःच्या ओढणीने.
मी म्हणायचो, अगं, फडकं आहे ना.
आता मी बसतो.
हिवाळ्यात बूट आतून ओले असतात, बेटा.
माणूस किती चालून आलाय, हाताला कळतं."

मला पुढचं पुष्कळ सांगायचं होतं,
कबर, धोंड, तिसरा दिवस.
पण तेवढ्यात ते चादर घेऊन उभे राहिले,
डबल बेडची,
एकट्याला घडी न घालता येणारी.
मी दोन कोपरे धरले.
ताणली, झटकली,
जवळ आलो, कोपऱ्याला कोपरा लावला, मागे सरलो,
पुन्हा जवळ.
शेवटच्या घडीला माझे कोपरे त्यांच्या हातात दिले
आणि हळूच विचारलं,
तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?
"तिचं नाव घे," म्हणाले.

रविवारी पाळकांनी विचारलं, किती वाटल्या?
वीसच्या वीस होत्या, साबणाचा वास लागलेल्या.
ते काही बोलले नाहीत. मीही.

आणि त्याच रात्री केअर होममध्ये
मिसेस पिंडर अनवाणीच बागेत फिरून आल्या,
घोट्यापर्यंत चिखल, तोंडाने कुठल्याशा गाडीची वेळ.
टबात पाणी घेतलं, टॉवेल कमरेला खोचला,
आणि त्यांचे पाय आत सोडण्याआधी
कोपर बुडवून पाहिलं.